जन्म पाहून दिलेला न्याय

आमचे जयगड हे शास्त्री नदीच्या मुखावरचे बंदर. आज इथे कोळशाची मोठमोठी जहाजे लागतात. पण मी तुम्हांला दीडशे वर्षे मागे नेणार आहे. धरून चला की साल १८७५ आहे. बंदरात एक जहाज उभे आहे, आणि त्यावरच्या गोऱ्या कप्तानाने रागाच्या भरात एका खलाशाचा हात मोडला आहे. असे घडले असे मी म्हणत नाही, बरं का! कायदा कसा चालला असता हे समजावे म्हणून फक्त धरून चलायचे.

आता या खलाशाने दाद कुठे मागायची? रत्नागिरीला एखादा हिंदी मॅजिस्ट्रेट असला तरी त्याचा काही उपयोग नव्हता. १८७२ च्या फौजदारी कायद्याप्रमाणे मुंबई, कलकत्ता, मद्रास ही शहरे सोडून बाकीच्या मुलुखात गोऱ्या ब्रिटिश प्रजाजनाचा खटला गोऱ्याच अंमलदाराने चालवायचा, असा दंडक होता. त्यातही गोऱ्या मॅजिस्ट्रेटाला तीन महिन्यांपलीकडे कैद देता येत नसे, आणि गोऱ्या सेशन्स जज्जाला एक वर्षापलीकडे. गुन्हा त्याहून भारी ठरला की खटला मुंबईच्या हायकोर्टात. म्हणजे हात गळ्यात बांधलेला खलाशी, त्याचे दोन साक्षीदार आणि त्यांचे भाडेखर्च असे सारे बिऱ्हाड मुंबईला जायचे. पावसाळा असला तर बंदर बंद; मग नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहा. आणि मुंबईत पोहोचल्यावर ज्यूरीत बसलेले लोक पुष्कळसे कप्तानाचेच जातभाई!

उलट, खलाशाने कप्तानाचा हात मोडला असता तर? सगळा निकाल रत्नागिरीतच, आणि तोही झटपट.

हे मनचे उदाहरण झाले. आता घडलेले सांगतो. आग्र्याला फुलर नावाचा एक इंग्रज वकील होता. गाडीपाशी वेळेवर हजर नव्हता म्हणून त्याने आपल्या कटवारू नावाच्या मोतद्दाराला मारले आणि तो गरीब माणूस मेला. डॉक्टर म्हणाले, त्याची पाणथरी आधीच वाढलेली होती, ती फुटली. मॅजिस्ट्रेटाने फुलरला शिक्षा केली ती तीस रुपये दंडाची. १८७६ मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी या निकालावर जाहीर नापसंती नोंदवली, आणि लिटनसाहेब काही हिंदी जनतेचे मोठे कैवारी होते असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा त्यांनीच मॅजिस्ट्रेटाची कानउघाडणी केल्याबरोबर गोऱ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर आग पाखडली. वाढलेल्या पाणथरीची सबब पुढेही अशा खटल्यांतून पुन्हा पुन्हा निघत राहिली.

पुढे लॉर्ड रिपन आले. त्यांच्या कायदेमंत्र्याने, इल्बर्टसाहेबांनी, फेब्रुवारी १८८३ मध्ये एक बिल आणले. मागणी साधी होती. ज्या हिंदी माणसाला सरकारने जिल्हा मॅजिस्ट्रेट किंवा सेशन्स जज्ज नेमले, त्याला गोऱ्याचाही खटला चालवू द्यावा. आपल्या मुंबई इलाख्यातच तेव्हा सत्येंद्रनाथ टागोर न्यायखात्यात होते. विलायतेत परीक्षा देऊन आलेले हे पहिले हिंदी सिव्हिलियन. त्यांना देशी माणसाला फाशीची शिक्षा सांगता येत होती, आणि एखाद्या गोऱ्या सोजिराला पाच रुपये दंड करता येत नव्हता! पण या बिलावर गोऱ्या लोकांनी असे काही रान उठवले की विचारू नका. निळीचे मळेवाले, चहावाले, व्यापारी, कलकत्त्याचे वकील, सगळे एक झाले. इकडे २८ एप्रिल १८८३ ला मुंबईच्या टाऊन हॉलात बिलाच्या बाजूने सभा झाली. तेलंग, फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दिन तय्यबजी बोलले. शेवटी जानेवारी १८८४ मध्ये तडजोड निघाली. हिंदी जज्ज खटला चालवील खरा, पण गोऱ्या आरोपीने मागितली तर निम्मी ज्यूरी गोऱ्यांची द्यायची. म्हणजे हिंदी जज्जाला खुर्ची दिली आणि काटा हातातून काढून घेतला.

ज्यूरीत माणसे कोणती बसतात याला किती मोल असते, हे आपल्या जिल्ह्याने पुढे चांगलेच पाहिले. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६ चा. १८९७ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. सहांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोषी. १९०८ मध्ये पुन्हा खटला झाला. या वेळी ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन! शिक्षक मंडळींनी हे आकडे वर्गात फळ्यावर लिहून दाखवावेत, फार बोलावे लागत नाही. लेख 'केसरी'तले, मराठीत लिहिलेले. आणि त्यांत राजद्रोह आहे की नाही हे ठरवणारे बहुसंख्य लोक मराठी न जाणणारे. टिळक सुमारे २१ तास बोलले, शब्दांचा अर्थ लावून दाखवत राहिले. पण ऐकणाऱ्यांपुढे इंग्रजी तर्जुमाच होता. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. हिंदी गृहस्थ, आणि १८९७ मध्ये टिळकांच्याच जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर. त्यांनी २२ जुलैच्या रात्री, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या रात्री, सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. खुर्चीवर आपला माणूस बसला म्हणजे न्याय आपला झाला असे होत नाही, हे तेव्हा पुष्कळांच्या ध्यानी आले.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. टिळकांना ठेवले मंडालेला, आणि त्याच वेळी मंडालेचा पदच्युत राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत होता. टिळकांवर निदान खटला तरी झाला. थिबा १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत, तीस वर्षे, कोणत्याही कोर्टासमोर उभा न राहता रत्नागिरीत अडकून पडला.

असो. आतापर्यंत सांगितला तो कायद्याचा वरचा मजला. तिथे गोऱ्याचा जन्म ही ढाल होती. त्याच इमारतीला एक तळघरही होते, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून त्याची वाच्यता फार थोडी होते.

१८६९ ते १८७२ या काळात हिंदुस्थान सरकारचे कायदेमंत्री होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. मोठा कायदेपंडित. आपला पुराव्याचा कायदा त्यांचाच. ज्या १८७२ च्या कायद्याने गोऱ्या आरोपीला गोरा न्यायाधीश दिला, तोही त्यांच्याच कारकिर्दीतला. आणि पुढे इल्बर्ट बिलाविरुद्ध विलायतेत 'टाइम्स' पत्रात लिहिणारेही तेच. त्यांच्याच कारकिर्दीत, १२ ऑक्टोबर १८७१ रोजी, गुन्हेगार जमातींचा कायदा मंजूर झाला. त्यामागचा विचार असा: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा चोराचा मुलगा चोर होणारच. म्हणून चोरी होण्याची वाट कशाला पाहायची? जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करून टाका!

सरकारने एखादी जमात अशी जाहीर केली, की त्या जाहीरनाम्याविरुद्ध कोणत्याही कोर्टात दाद मागता येत नसे. मग तिच्या माणसांची नावे पटावर चढत. गाव सोडून जायचे तर पास घ्यायचा. हजेरी द्यायची, पुष्कळ ठिकाणी रात्री-अपरात्री. पासाशिवाय सापडला तर तोच गुन्हा. १८९७ च्या दुरुस्तीने चार वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुले आईबापांपासून तोडून वेगळी ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. आधी हा कायदा उत्तरेकडे होता. १९११ मध्ये तो नव्याने केला, बोटांचे ठसे घेण्याचे कलम त्यात आले आणि तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. मग सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापुरात गिरण्यांना मजूर हवेच होते. सोलापूरकर अजूनही त्या भागाला 'सेटलमेंट' म्हणतात.

हे लोक होते तरी कोण? कैकाडी, टोपल्या विणणारे. वडार, दगड फोडणारे आणि विहिरी खणणारे. पारधी, शिकारीवर जगणारे. रामोशी आणि बेरड तर पिढ्यान्‌पिढ्या गावांची आणि किल्ल्यांची राखण करणारे. राज्य बदलले, राखणीचे हक्क गेले, आणि राखणदारच संशयित ठरला. ज्या उमाजी नाइकाला इंग्रजांनी १८३२ मध्ये पुण्याला फाशी दिले, तो याच रामोशांपैकी. लमाणांचे पाहा. आपल्या शास्त्री नदीच्या खाडीतून माल संगमेश्वरापर्यंत जाई आणि तिथून बैलांच्या पाठीवर घाट चढे. देशभर मीठ आणि धान्य वाहणारे हे लमाण. आगगाडी आली, मिठावर सरकारी पहारा बसला आणि तांडे रिकामे झाले. पोट भरायला फिरणारा माणूस सरकारला आवडेनासा झाला. ज्याला घर नाही, शेत नाही, सातबारा नाही, त्याच्यावर पाळत ठेवायची कशी, ही त्यांची खरी अडचण होती, असे माझे मत आहे. यांत चोऱ्या करणारे कोणीच नव्हते असे मी म्हणत नाही. चोर सगळ्याच जातींत असतात. बाकीच्या जातींत चोर पकडला की एकटा तोच तुरुंगात जातो, एवढाच फरक.

एक गोष्ट मला नेहमी टोचते. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेत ट्रान्सवाल सरकारने हिंदी लोकांवर नावनोंदणीची आणि बोटांच्या ठशांची सक्ती आणली. गांधीजींनी तो काळा कायदा म्हटला. सत्याग्रहाचा जन्म तिथे झाला. इकडे सारा देश हळहळला. आणि पाचच वर्षांनी तीच गोष्ट आपल्या घरी, आपल्याच गावकुसाबाहेरच्या लोकांवर आली, तेव्हा फारशी कोणी हळहळ केली नाही. गोऱ्याने आपल्याला जन्मावरून हलके ठरवले, याचा आपल्याला राग होता. त्यानेच पारध्याला जन्मावरून चोर ठरवले, ते मात्र आपल्याला थोडेफार पटत होते! रात्री हजेरी घेणारा पाटील गावचाच असे.

पुढाऱ्यांत जाग आली ती उशिरा. १९३६ मध्ये पंडित नेहरूंनी या कायद्याचा कडक शब्दांत निषेध केला. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. बाळासाहेब जन्माने रत्नागिरीचे. त्यांचे गृहमंत्री कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याची चौकशी झाली, आणि स्वातंत्र्यानंतर खेरांच्याच कारकिर्दीत, १९४९ मध्ये, मुंबई राज्यापुरता तो रद्द झाला. सगळ्या देशातून तो गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तोवर साधारण १२७ जमाती आणि तेवीस लाखांच्या आसपास माणसे त्याखाली होती. स्वातंत्र्याचा दिवस त्यांना पाच वर्षे सोळा दिवस उशिरा उजाडला. म्हणून ते ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतात.

आणि योगायोग पाहा. त्याच १९४९ साली दिल्लीत आणखी एक कायदा झाला: फौजदारी कायद्यातला वंशभेद काढून टाकण्याचा. गोऱ्या आरोपीच्या उरल्यासुरल्या सवलती त्याने पुसल्या. म्हणजे वरचा मजला आणि तळघर, दोन्ही पाडण्याचे काम आपल्याकडे एकाच साली सुरू झाले. गोऱ्याची सवलत गेली ती पुरती गेली; आज ती कोणाच्या स्मरणातही नाही. तळघराचे तसे झाले नाही.

१९५९ साली मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. कागदावर तो निराळा आहे. त्यात जमात नाही, पूर्वी शिक्षा झालेली एकेकटी व्यक्ती आहे. पण ठाण्यातला माणूस तोच, पाल तेच, आणि संशयाची वाट मळलेली. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनेही भारताला असले कायदे काढून टाकायला सांगितले. या लोकांच्या स्थितीचा अहवाल २००८ मध्ये रेणके आयोगाने दिला. पुढे दुसरा आयोग नेमला त्याचे अध्यक्ष आपल्या दापोलीचे भिकू रामजी इदाते. अहवाल झाले. अंमलबजावणी कशी झाली, ते एखाद्या पालावर जाऊन विचारावे.

कायद्याची छाया किती लांब पडते, याचा एक दाखला देतो. २००३ मध्ये जालना जिल्ह्यात एका कुटुंबावर भयंकर हल्ला झाला. खून झाले, अत्याचार झाले. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहा गरीब मजूर धरले. २००६ मध्ये सहांनाही फाशीची शिक्षा झाली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहांना फाशीच सांगितली. पुढे फेरविचार झाला. प्रत्यक्ष पाहणाऱ्या साक्षीदाराने सुरुवातीला पोलिसांच्या फोटोंतून भलतीच चार माणसे ओळखली होती, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता, ही गोष्ट न्यायालयाने लक्षात घेतली. ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहांना निर्दोष सोडले. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळचे आणि अतिशय गरीब आहेत, तेव्हा त्यांना खोटे गुंतवले असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायमूर्तींनी लिहून ठेवले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई सांगितली. सोळा वर्षे गेली ती गेलीच. आणि ज्यांच्यावर हल्ला झाला त्या घरालाही न्याय मिळाला नाही, हे विसरू नका. चुकीचा माणूस धरला की खरा सुटतो.

अगदी अलीकडे, ३ ऑक्टोबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांच्या तुरुंग नियमांतले जातवार कामे वाटणारे आणि विमुक्त जमातींना जन्माने सराईत मानणारे नियम घटनाबाह्य ठरवले. १८७१ पासून मोजा. दीडशेच्या वर वर्षे झाली.

कायदा रद्द होतो, भाषा रद्द होत नाही. 'भामटा' हे एका जमातीचे नाव, आणि लुच्च्याला आपण शब्द वापरतो तोही भामटा. 'उचल्या'चे तेच. लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथेला तेच नाव दिले आणि १९८८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. वर्गात एखादा मुलगा दुसऱ्याला सहज 'भामटा' म्हणतो, तेव्हा पटावर त्या जमातीचेही मूल असू शकते.

आता माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट. आमच्या खाडीच्या काठची एक वाडी. नाव सांगत नाही. मी चौथीत होतो. १९८७ च्या दिवाळीनंतर रस्त्याची खडी फोडायला घाटावरून वडारांची चार-पाच बिऱ्हाडे आली आणि माळावर पाले पडली. त्यांतला एक मुलगा शाळेत येऊन माझ्या शेजारी बसू लागला. पाढे त्याला माझ्यापेक्षा चांगले येत. शिमग्याच्या तोंडावर शाळेतला पितळेचा तास नाहीसा झाला. कोणी काही बोलायच्या आत दहा-बारा माणसे माळावर गेली. भांडी, गोधड्या, पिठाचे डबे, सगळे उपडे केले. त्या माणसांत माझे वडीलही होते. तास सापडला नाही. पाचव्या दिवशी पालखीबरोबर खेळ्यांच्या मेळात तो वाजताना ऐकू आला. वाडीतल्याच पोरांनी शिमग्यासाठी नेला होता. सगळे हसले. माळावर जाऊन कोणी काही सांगितले नाही. तो मुलगा मात्र झडतीच्या दिवसापासून शाळेत आला नाही, आणि महिनाभरात पाले उठली. वडिलांनी हा विषय पुढे एकदाच काढला. म्हणाले, "आधी विचारलं तरी असतं आपण."

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींच्या मुलाला आज जातीचा दाखला हवा असेल, तर आपले कुटुंब २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी महाराष्ट्रात राहत होते याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पालातून पालात फिरला, त्याने तो कुठून आणायचा? कुठे नाव सापडलेच तर ते जुन्या हजेरीच्या पटावर, नाहीतर शाळेच्या जनरल रजिस्टरात. म्हणून महिनाभरासाठी आलेल्या मुलाचेही नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मगाव नीट विचारून त्या रजिस्टरात लिहीत जा. तेवढी एक ओळ पन्नास वर्षांनी त्याच्या नातवाच्या कामी येते.

गेल्या वर्षी मी त्या शाळेत गेलो होतो. मुख्याध्यापकांनी कपाटातून १९८७-८८ चे रजिस्टर काढून दिले. माझे नाव होते, माझ्या मागे-पुढे बसणाऱ्यांचीही होती. मी दोन वेळा पाने उलटली. चार महिने माझ्या शेजारी बसलेल्या त्या मुलाचे नाव कोणी लिहिलेलेच नव्हते.